पुण्याला गेलेली माणसं

आमच्या गल्लीतलं एखादं माणूस दिसेनासं झालं, की ते पुण्याला गेलेलं असायचं.

तंजावूरच्या राजवाड्यामागे ती गल्ली. मराठी घरं थोडी, तमिळ घरं पुष्कळ, सगळी भिंतीला भिंत लागलेली. कुणाचा मुलगा बापाशी भांडून निघून गेला, कुणाच्या मामाला तिरुच्चीच्या तुरुंगात काही महिने काढावे लागले, कुणाची मुलगी बस कंडक्टरचा हात धरून मदुरैला गेली, की शेजारच्या तमिळ मंडळींसाठी उत्तर तयार असे: पुण्याला गेलाय, आमच्या लोकांकडे. आमचे लोक म्हणे! पुण्यात आम्हाला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. गल्लीतल्या एकानंही पुणं पाहिलेलं नव्हतं. आमच्या पूर्वजांनी महाराष्ट्र सोडला त्याला इतक्या पिढ्या उलटल्या होत्या, की आम्ही घरात जे मराठी बोलायचो ते तिकडे ऐकवलं असतं तर लोक हसले असते. पण तमिळ शेजाऱ्यांच्या लेखी आम्ही तिकडचेच. त्यामुळे आमचं माणूस तिकडे जाणं त्यांना साहजिक वाटायचं आणि आमची अब्रू झाकली जायची. मदुरैला गेलेली ती मुलगी काही वर्षांनी कडेवर मूल घेऊन माहेरी आली, तेव्हा समोरच्या तमिळ मामीनं तिला पुण्याची हवा कशी आहे म्हणून विचारलं आणि तिनंही, थंड असते, असं सांगून टाकलं. लहानपणी मला या सगळ्याची फार मजा वाटे. आता वाटत नाही.

मुलीनं बँकेची परीक्षा द्यावी नाहीतर कॉम्प्युटर शिकावा, असे ते दिवस होते. देश खुला होतोय, असं रोज पेपरात यायचं. आमच्या गल्लीत मात्र रस्त्याकडच्या खिडक्याही दुपारनंतर बंद असायच्या. अशा वेळी मी तिरुच्चीला जाऊन समाजकार्य शिकले. आईला ते शेवटपर्यंत कळलं नाही. लोकांच्या घरी जाऊन त्यांची रडगाणी ऐकायला कॉलेज कशाला लागतं, असं ती म्हणायची. परत आले ती तंजावुरातल्याच एका लहानशा संस्थेत लागले. मनाच्या आजारांवर काम करणारी संस्था. शहरात एक केंद्र, आणि कावेरीच्या कालव्यांवरची काही गावं.

तिथल्या मॅडम तमिळ होत्या, निवृत्तीला आलेल्या, चष्मा कायम कपाळावर. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एकात एक अशी तीन वर्तुळं काढली. आतलं वर्तुळ म्हणजे एक माणूस, त्याच्याशी समोरासमोर बसून करायचं काम. मधलं म्हणजे गट, कुटुंब, बायकांचे संघम. बाहेरचं म्हणजे अख्खी वस्ती. "दवाखाना असो, घर असो नाहीतर शेताचा बांध असो," त्या म्हणाल्या, "तू कुठल्या वर्तुळात उभी आहेस ते आधी बघ. आजार एका वर्तुळात असतो आणि आपण औषध दुसऱ्याच वर्तुळात घालत बसतो." मी ते वहीत उतरवून घेतलं आणि मला सगळं समजलं असं मला वाटलं.

माझं पहिलं घर आमच्याच घरासमोरचं निघालं.

तिथं एक अक्का राहायची. नात्यानं माझी कुणी नव्हे, पण गल्लीत वयानं मोठी असलेली प्रत्येक मुलगी अक्काच. मला सायकल शिकवली ती तिनं. तिच्या शेजारच्याच घरात एक टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट होती, एक तमिळ बाई ती चालवायच्या, सगळे त्यांना टीचर म्हणत. अक्का तिथंच शिकली, वरची परीक्षाही पास झाली आणि मग तिथंच मुलींना शिकवायला लागली. टाइप करताना ती यंत्राकडे बघायची नाही, खिडकीतून बाहेर बघायची, आणि बोटं आपली धावत असायची. आम्ही लहान मुली तेवढ्यासाठी दारात जाऊन उभ्या राहायचो.

मी तिरुच्चीला असताना ते सुरू झालं. टाइप करता करता ती थांबायची आणि कुणाला तरी रागानं उत्तर द्यायची. समोर कुणी नसायचं. एक दिवस ती यंत्र सोडून उठली आणि भिंतीशी भांडायला लागली. तिचे वडील, म्हणजे आमचे काका, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. बायको केव्हाच गेलेली. ते येऊन तिला हाताला धरून घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी टीचर चौकशीला आल्या, तर काका दारातच म्हणाले, पुण्याला पाठवली. मावशी आजारी आहे तिची.

अक्का होती मागच्या खोलीत. त्या खोलीची आणि इन्स्टिट्यूटची भिंत एकच होती.

पुढे टीचरनी व्हरांड्यात पिवळी पाटी लावून एसटीडी बूथ काढला, तेव्हा काकांची पंचाईत झाली. पूर्वी पुणं लांब होतं, आता ते काचेच्या खोक्याएवढं जवळ आलं. काका मास्तर, म्हणून टीचर त्यांना सार म्हणत. पोंगलच्या दिवशी त्या हौसेनं म्हणाल्या, "सार, नंबर द्या, सणाचं मुलीशी बोला. माझ्याकडून." काका म्हणाले, त्यांच्याकडे फोन नाही. मग शेजाऱ्यांकडे असेल? शेजाऱ्यांशी त्यांचं बोलणं नाही. सगळ्याच शेजाऱ्यांशी? हो, सगळ्याच. हे मला आईनं सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हसलो. अक्का कुठं आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हसून झाल्यावर आईनं आवाज खाली आणला. आमच्याकडे लपवायचं ते सगळं मराठीतच बोलत, कुणा तमिळ माणसाला कळायला नको म्हणून. मराठी असून वर आवाज खाली, म्हणजे गोष्ट मोठी. "ती कुठें गेली नाहीं गे," आई म्हणाली. "आंतच आहे. तूं हेंच शिकून आलीस ना? मग जा, बघ."

मी गेले. खोलीत अंधार नव्हता, दुर्गंधी नव्हती, तसलं काही नव्हतं. काका तिला रोज न्हाऊ घालायला आमच्या आईला बोलवत. खाटेवर स्वच्छ चादर, कोपऱ्यात पाण्याचा तांब्या, आणि अक्का भिंतीकडे तोंड करून बसलेली. मला तिनं ओळखलं. म्हणाली, "सायकल आणलीस?" मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

तिला इस्पितळात नेता येईना, कारण ती पुण्यात होती. या वाक्यावर माझं डोकं फिरायचं, पण गल्लीत ते सरळ वाक्य होतं. शेवटी संस्थेचे डॉक्टर काकांचे जुने विद्यार्थी म्हणून घरी आले. पुढे दर महिन्याला संस्थेची नर्स डोक्यात गजरा माळून, हातात केळ्यांची फणी घेऊन, पाहुणी असल्यासारखी यायची आणि केळ्यांखाली इंजेक्शन असायचं. मी आठवड्यातून दोन-तीनदा जाऊन बसायची. हे सगळं आतल्या वर्तुळातलं काम, आणि ते मी चांगलं केलं. आजही मला तसंच वाटतं.

आमचा दोघींचा एक करार होता. मॅडमनी सुचवलेला. काही ऐकू आलं, की अक्कानं मला विचारायचं, आणि मी खरं ते सांगायचं. "हें मलाच ऐकूं येतें कीं तुलाही?" असं ती विचारायची. कावळा ओरडतोय, मी म्हणायची, मलाही येतं. कुणी तरी माझं नाव घेऊन शिव्या देतंय. नाही अक्का, ते मला येत नाही. मग ती मान हलवायची. जे सगळ्यांना ऐकू येतं ते बाहेरचं, जे एकटीलाच येतं ते आजाराचं, त्याला उत्तर द्यायचं नाही. एवढाच नियम. काका असले तर ती त्यांनाही विचारायची, आई असली तर आईलाही. जितके लोक हो म्हणतील तितका तिचा चेहरा सैल पडायचा. भिंतीपलीकडून टाइपरायटरांचा आवाज सुरू झाला की ती आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघायची आणि आम्ही सगळे हो, हो म्हणायचो. तो आवाज तिला फार आवडायचा. कोण कच्चं आहे, कुणाचं बोट अडखळतंय, ते ती भिंतीला कान लावून सांगायची.

वर्षभरात ती बरी झाली. बरी म्हणजे गोळ्या आणि इंजेक्शन चालू असताना बरी. स्वतः स्वयंपाक करू लागली, काकांना रागावू लागली. आवाज यायचे, पण लांबून. आणि एक दिवस ती म्हणाली, "मी टीचरकडे जात्यें आतां." इन्स्टिट्यूटमध्ये एव्हाना एक कॉम्प्युटर आला होता, गार खोलीत ठेवलेला, चपला बाहेर काढून त्याच्यापाशी जायचं. टीचर सगळा वेळ त्यातच असायच्या. टाइपरायटरवरच्या मुलींना शिकवायला त्यांना कुणी तरी हवंच होतं. तसं त्यांनी बूथच्या काचेवर लिहूनही लावलं होतं.

अक्काला दुसरं काही नको होतं. लग्न नको, गाव बघायला नको. शेजारच्या घरात जाऊन यंत्रासमोर बसायचं, एवढंच. मला वाटलं, झालं काम. दारातून बाहेर पडायचं आणि बाजूच्या दारातून आत जायचं. पण ती पुण्यात होती ना. पुण्याहून आल्याशिवाय शेजारी कशी जाणार?

त्याच दिवसांत माझं गावाकडचं कामही सुरू होतं. मोपेडवरून कालव्याच्या काठानं जायचं, बायकांना जमवायचं. तिरुवैयारुच्या पुढच्या एका गावात खुरपणीला जाणारी एक बाई होती, अगदी अक्काचाच आजार. ओळीत वाकून खुरपत असायची आणि मधेच उभी राहून कालव्याकडे हात करून बोलायला लागायची. शेजारची बाई मान वर न करता म्हणायची, "कुणी नाहीये गं तिथं. वाक." आणि ती वाकायची. गावातली पोरं तिला चिडवत, नवऱ्यानं तिला टाकलेलं होतं, तेव्हा त्या गावाला मी काही स्वर्ग म्हणत नाही. पण मी महिनोन्‌महिने खोलीचं दार लावून जे करत होते, ते त्या बायका चिखलात उभ्या राहून, फुकटात, सगळ्यांदेखत करत होत्या. त्या बाईला काय झालंय ते अख्ख्या गावाला माहीत होतं आणि म्हणून तिला कुठंही जाता येत होतं.

मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मग तुझ्या गल्लीत चल," त्या म्हणाल्या. "मी येते. सगळ्यांना बसवू, मराठी घरांना आणि तमिळ घरांना. ही मुलगी आजारी होती, घरातच होती, आता बरी आहे. एकदाच, सगळ्यांसमोर, तिच्या संमतीनं सांगून टाकू." अक्काला मी विचारलं, तर ती म्हणाली, सांगा की.

काकांनी ऐकलं आणि ते पांढरेफटक पडले. संध्याकाळी आमच्या घरच्या ओसरीवर मराठी घरांतली वडीलधारी मंडळी जमली, आणि मला समोर बसवून जे बोलणं झालं ते मी जन्मात विसरणार नाही. अक्का आजारी आहे हे मॅडमना मी तमिळमध्ये सांगितलं, हाच माझा पहिला गुन्हा ठरला. "आपली गोष्ट आपल्यांत ठेवायची," एक आजोबा म्हणाले. "तमिळांस कशास सांगायचें? पिढ्यान्‌पिढ्या राहिलों, एक गोष्ट बाहेर गेली नाहीं." मी म्हटलं, आजोबा, भिंत एक आहे. ते म्हणाले, भिंत एक असली म्हणून काय झालें? आई माझ्याकडे बघतही नव्हती. मी तावातावानं बोलले, अगदी नको ते बोलले, तुमच्या पुण्याला आग लागो असंही म्हणाले. त्याचा परिणाम एवढाच झाला, की मी लहान आहे, शिकून डोकं फिरलंय, असं ठरलं.

मग तोडगा निघाला. काकांनीच काढला, आणि सगळ्यांना तो फार पसंत पडला. अक्का पुण्याहून परत येईल. पहाटे मागच्या बोळातून काका तिला कुंभकोणमला नेतील, आणि दुपारी सगळी गल्ली जागी असताना दोघं सूटकेस घेऊन रिक्षातून उतरतील. कुणाला काही सांगायला नको, कुणाची मान खाली जायला नको.

मी अक्काला म्हटलं, नको करूस हे. ती कंटाळून म्हणाली, "एक दिवस पुण्याहून येतें गे, मग झालें. मज तिकडे जायचें आहे." तिकडे म्हणजे भिंतीपलीकडे. मॅडमना विचारलं, तर त्यांनी उसासा टाकला. निर्णय तिचा आणि घरच्यांचा, आपला नाही, असं त्या म्हणाल्या. आमच्या धंद्यातलं हे पहिलं तत्त्व, आणि त्या तत्त्वावर माझा अजून विश्वास आहे. म्हणूनच जास्त त्रास होतो.

ती आली तो दिवस सुंदर होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. रिक्षा थांबली आणि सगळी तमिळ घरं बाहेर आली. टीचर कुंकवाचं लाल पाणी घेऊन आल्या आणि त्यांनी अक्काला ओवाळून दृष्ट काढली. समोरची मामी तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, किती रोडावलीस, तिकडे भात देत नाहीत वाटतं. अक्का हसली. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडावर ऊन पडलं होतं. काका मागे सूटकेस धरून उभे होते, त्यांचे डोळे भरले होते. मलाही वाटलं, मीच चुकले, म्हातारी माणसं शहाणी.

दुसऱ्याच आठवड्यात ती यंत्रासमोर बसली. भिंतीच्या त्या बाजूनं. मी दारात जाऊन बघितलं, खिडकीतून बाहेर बघत होती आणि बोटं धावत होती.

पण आमच्याकडे गावाहून आलेल्या माणसाला विचारतात. दोन दिवस नाही, कायम विचारतात. पुण्यात पाऊस कसा असतो? मावशीचं घर माडीचं का? तुझी मराठी तिथं चालली का? तिथल्या बायका साडी कशी नेसतात, ती आमच्यासारखीच का? प्रेमानंच विचारत. अक्का आधी एक-दोन शब्दांत उत्तर द्यायची. मग काकांनी, तिची पंचाईत होऊ नये म्हणून, संध्याकाळी तिला शिकवायला सुरुवात केली. गणिताचे मास्तर ते. मावशीचं घर कुठल्या दिशेला, दारात कसलं झाड, शेजारी कोण, सगळं पक्कं करून घ्यायचे, उलटसुलट विचारायचे. बाकीची मराठी घरंही मदतीला धावली. कुणी झाडाला फांदी जोडली, कुणी मावशीला दमा दिला. आमची आई म्हणाली, मावशीच्या अंगणात मांजर असूं दे, तें बरें वाटतें. ज्या माणसांनी वर्षभर तिला हे खरं, हे खरं नाही, असं माझ्याबरोबर बसून सांगितलं होतं, तीच माणसं.

हळूहळू ती न विचारता सांगायला लागली. ओसरीवर बसून टीचरना ती मावशीच्या मांजराच्या खोड्या सांगायची आणि काका समाधानानं ऐकायचे. एका दुपारी मी तिथं होते. सांगता सांगता ती मधेच थांबली, सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं, आणि आमच्या भाषेत विचारलं, "मी पुण्यास होतें ना?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "होतीस बाळ, होतीस." आई म्हणाली, होतीस. आजोबा म्हणाले, होतीस कीं. टीचरना शब्द कळले नसतील, पण पुणं कळलं असावं. त्याही हसून मान हलवत होत्या. अक्काचा चेहरा सैल पडला. मला तो चेहरा चांगला ओळखीचा होता.

पुढच्या महिन्यात नर्स केळी घेऊन आली, तेव्हा अक्कानं केळी घेतली आणि इंजेक्शनला नाही म्हटलं. अगदी शांतपणे. मी आजारी नव्हतेच, ती म्हणाली. मी मावशीकडे होते. आजारी मावशी होती. यात खोट कुठं काढायची? जे पुण्यात होतं ते माणूस त्या खोलीत नव्हतं, आणि जे खोलीत नव्हतं त्याला आजार कसला? गोळ्या तिनं आधीच बंद केल्या होत्या.

मी धावत टीचरकडे गेले. गार खोलीत, चपला बाहेर काढून, मी त्यांना सगळं सांगितलं, तमिळमध्ये, आवाज खाली न आणता. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कण्णू, बाळा, एवढी वर्षं ती त्या भिंतीपलीकडे रडत होती, आम्ही बहिरे आहोत का? सगळ्या गल्लीला माहीत आहे." मग पुण्याचं का विचारता? "सारांना बरं वाटतं म्हणून. नाही विचारलं तर त्यांना वाटेल, आम्हाला कळलंय." मी त्यांना म्हटलं, हे तुम्ही अक्कासमोर बोला. एकदा बोला. सारांना तोंडावर मी खोटं कशी पाडू, त्या म्हणाल्या, आधी तुमच्या लोकांना बोलू दे, मग मी बोलेन. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आमची अब्रू त्या आमच्यापेक्षा जास्त सांभाळत होत्या.

आमच्या लोकांकडे गेले. आजोबांनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. काका नुसते रडले. आता सांगितलं तर एवढं सगळं केलं त्याचं काय, असं आई म्हणाली. मॅडम डॉक्टरांना घेऊन आल्या, त्यांना काकांनी कॉफी दिली आणि मुलगी ठीक आहे म्हणून सांगितलं. तिसरं वर्तुळ, मॅडम परत जाताना म्हणाल्या. फळ्यावर ते किती सहज काढता आलं होतं.

मग उरलं आतलं वर्तुळ, जिथं मला काम येत होतं. अक्काचं इन्स्टिट्यूटमध्ये जाणं तोवर बंद झालं होतं. ती पुन्हा मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. मी दार लावून तिच्याजवळ बसले. आपला करार आठवतो ना, मी म्हटलं, मी तुला कधी खोटं सांगितलेलं नाही. तू पुण्याला गेली नव्हतीस. तू इथं होतीस, आजारी होतीस, आणि बरी झालीस. औषधानं बरी झालीस. पुन्हा होशील.

तिनं ते नीट ऐकलं. मग उठून दारापाशी गेली, दार उघडलं, आणि बाहेर बसलेल्या काकांना विचारलं, "अप्पा, मी पुण्यास होतें?" काका मान खाली घालून म्हणाले, होतीस. आई ओसरीवर होती. तिलाही विचारलं. आई म्हणाली, होतीस गे. अक्का परत आत आली. माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, दया आल्यासारखं. "अवघे म्हणतात होतें," ती म्हणाली. "तूं एकलीच म्हणतेस नाहीं."

मी पुन्हा सांगितलं. तिचा हात धरून सांगितलं, ओरडून सांगितलं. ती भिंतीकडे वळून बसली होती. ओठ मिटलेले, मान जराशी हलवत. उत्तर द्यायचं नाही, हे ती स्वतःला बजावत होती, जसं मी तिला शिकवलं होतं. त्यानंतर मी कितीदा गेले त्या खोलीत. ती माझ्याशी परत कधी बोलली नाही.